पंधरावा फॉर्म

बाबुराव गुरुजींना जाऊन बारा दिवस झाले होते, आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कोणी किती मिनिटं बोलायचं यावरून अजितने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. बँकेत मॅनेजर झालेल्या माणसाला घरीही मीटिंग लागते. त्याने यादी केली होती, यादीत वेळा टाकल्या होत्या, आणि पहिल्याच नावापुढे त्याचं पेन अडलं होतं.

"ताई, तू दोन मिनिटं बोलायचंस. मोठी मुलगी म्हणून. फार नाही."

कांता स्टोव्हपाशी उभी राहून चहा गाळत होती. मागच्या वर्षी ती हॉस्पिटलातून आया म्हणून निवृत्त झाली. करी रोडच्या चाळीतल्या या अकरा नंबरच्या खोलीत शेवटची नऊ वर्षं गुरुजींचं सगळं तिनेच केलं होतं. बाप गेला त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नव्हता. चाळीतल्या बायका त्यावर कुजबुजत होत्या आणि ते तिला ऐकूही येत होतं.

"मला बोलायला लावू नकोस," ती म्हणाली. "बोलले तर खरं बोलेन."

"आजच्या दिवशी?"

"मग कधी? तुझ्या यादीत दुसरा दिवस आहे का?"

खरं काय ते अजितलाही माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि त्रेचाळीस वर्षं सगळे त्याला वळसा घालून चालत होते. अजितची बायको प्रिती बशा पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बोलू द्या की त्यांना. तुमच्या यादीतले सगळे गोडच बोलणार आहेत." लग्नाला तीस वर्षं झाली, पण नणंदेच्या बाजूने प्रिती उघडपणे बोलल्याचं अजितला आठवत नव्हतं. त्याने चहा घेतला.

तेवढ्यात पोटमाळ्यावरून त्यांच्या मुलाचा, राजरत्नचा आवाज आला. "आत्या, सापडल्या. सगळ्या आहेत. त्रेपन्न."

त्या वह्या म्हणजे गुरुजींच्या चुका होत्या.

हे नीट सांगायला हवं, कारण अशी रीत मुंबईत दुसऱ्या कुठल्या वर्गात असेल असं वाटत नाही. गुरुजी दिवसा महानगरपालिकेच्या शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी सात वाजता या खोलीत चाळीतल्या पोरांचा वर्ग घ्यायचे. वर्ग सुरू झाला की आधी प्रत्येकाने उभं राहून 'आज माझं चुकलं' म्हणायचं आणि दिवसभरातली एक चूक सांगायची. माफी मागायची नाही. दुसऱ्याने हसायचं नाही. चुकीतून काय शिकलो तेवढं सांगून खाली बसायचं. आणि पहिलं कोण उभं राहणार, तर गुरुजी. रात्री तीच चूक ते तारीख घालून वहीत लिहायचे. एम. ए. झालेला माणूस, सहासष्टाव्या वर्षी पाली शिकायला बसलेला माणूस, रोज पोरांसमोर उभा राहून आपलं काय चुकलं ते सांगायचा. लॉकडाउनमध्ये ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी मोबाइलवर वर्ग घ्यायला सुरुवात केली, तेव्हाची पहिली नोंद अशी आहे: 'आज आवाज बंद ठेवून चाळीस मिनिटं शिकवलं. मुलं हात हलवत होती. मला वाटलं, आनंदाने हलवतायत.'

राजरत्न वह्यांचा गठ्ठा घेऊन खाली उतरला. त्याच्या केसांत जळमटं होती. "पप्पा, मी यातली पाचसहा पानं वाचणार आहे. भाषणं कसली करताय? हे बघा. 'रघुला भागाकार आला नाही म्हणून ओरडलो. सकाळपासून त्याच्या पोटात अन्न नव्हतं. उद्यापासून हिला वर्गाआधी भात टाकायला सांगितलं आहे.' गिरण्यांच्या संपातलं आहे. आजी पोरांना वर्गाआधी भात घालायची, ते इथून सुरू झालं."

"लोकांसमोर बापाच्या चुका वाचायच्या?" अजित म्हणाला. "वेडा आहेस का तू?"

"आजोबा रोज वाचायचे."

कांताने गाळणी खाली ठेवली. हात पदराला पुसले. "राजा, ब्याऐंशी सालची वही काढ. जुलै."

अजितने बायकोकडे बघितलं. प्रितीने बशी तशीच हातात धरली होती.

ब्याऐंशीच्या जूनमध्ये कांता दहावी झाली होती. अठ्ठ्याहत्तर टक्के. चाळीत पहिली. तिला सायन्सला जायचं होतं, पुढे नर्स व्हायचं होतं, जमलं तर डॉक्टर. संप सुरू होऊन सहा महिने झाले होते, चाळीतले बाप युनियनच्या सभांना आणि आया मिळेल त्या कामाला. पोरांचे अकरावीचे फॉर्म भरणार कोण? गुरुजींनी भरले. कॉलेजांच्या रांगांत उभे राहून, सह्या घेऊन, दाखले जोडून चौदा पोरांचे फॉर्म त्यांनी एकट्याने भरले. कांताने आपली गुणपत्रिका त्यांच्या टेबलावर दिसेल अशी ठेवली होती. बाप सगळ्यांचं करतोय, आपलं विसरेल कसा, या भरवशावर ती बारक्या पोरांच्या पाट्या पुसत बसली. शेवटची तारीख गेली. तिचा फॉर्म भरलाच गेला नाही. घरचीच आहे, हिचं होईलच, असं म्हणता म्हणता राहून गेलं. गुरुजी म्हणाले, एक वर्ष थांब. पुढच्या वर्षीही नाही. मग लग्न, मग नवरा गेल्यावर हॉस्पिटलात त्याच्या जागेवर आयाची नोकरी. तेवीस वर्षं तिने वॉर्डात बेडपॅन उचलले आणि डॉक्टर लोकांना वाट करून दिली.

इतकी वर्षं तिने वह्यांना हात लावला नव्हता. पाहिजे तेव्हा पोटमाळ्यावर चढता आलं असतं. पण त्यात आपली चूक लिहिलेली नसली तर, ही भीती तिला रागापेक्षा मोठी होती. बापाला ती चूक वाटली होती का? तिला आयुष्यात एवढंच विचारायचं होतं, आणि आता विचारायला माणूस उरला नव्हता.

राजरत्नने पान उघडलं. वाचलं. आणि वही मिटायला लागला.

"दे इकडे," कांता म्हणाली.

नऊ जुलै. शाई फिकी झाली होती, पण अक्षर गुरुजींचंच, छापल्यासारखं. 'आज परळ आणि दादरची कॉलेजं फिरलो. चौदा फॉर्म भरले. एकही राहिला नाही.'

तिने पुढची पानं उलटली. ऑगस्ट, सप्टेंबर, दिवाळी. कोणाला रागावले, कोणाचं गणित चुकीचं तपासलं, कोणाच्या आईला उलट बोलले, सगळं होतं. कांता नव्हती. त्र्याऐंशी चाळलं. नव्हती.

"ताई," अजित म्हणाला, "अगं, त्यांना आठवलंच नसेल तेव्हा..."

"तेच तर म्हणतेय." तिने वही काखेत घेतली. "मला यादीत घाल. दोन मिनिटं पुरतील."

*

विहार चाळीच्या मागेच आहे. समोरचा टॉवर झाल्यापासून तिथे दुपारी बारापर्यंत ऊन येत नाही. अकराच्या कार्यक्रमाला अजितने दोनशे खुर्च्या सांगितल्या होत्या. साडेदहालाच त्या संपल्या. माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, मग जिन्यात, मग खालच्या गल्लीत. काळा डगला घातलेला एक वकील सतरंजीवर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या शेजारी भाजीवाली. कोणी कोणाला जागा द्या म्हणत नव्हतं. सात वाजताच्या वर्गात बसायची सवय असलेली माणसं बसतात तशी सगळी बसली होती. अजितने एवढी माणसं आपल्या घरासाठी जमलेली कधी बघितली नव्हती. हा माणूस रोज आपल्याला भाजी निवडायला बसवायचा, हे त्याला खरं वाटेना.

बौद्धाचार्यांनी त्रिसरण आणि पंचशील घेतलं. तीनशे माणसांचा आवाज एका लयीत आला. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली गुरुजींचा फोटो होता. पांढरी फुलं होती, मेणबत्त्या होत्या. कांता पहिल्या रांगेत, काखेत वही. तिच्या बाजूला तिची मुलगी अक्षता. एम. एस्सी. झालेली, औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी. ती रात्रपाळी करून थेट नोकरीवरून आली होती, तिला वहीचं काही माहीत नव्हतं. आईचा चेहरा बघून तिने विचारलं, "काय झालं?" कांताने वही आणखी घट्ट धरली.

मग जयवंत उठला. गुरुजींच्या पहिल्या बॅचचा, बेस्टमध्ये ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला. अजितने त्याला सूत्रसंचालन दिलं होतं, सोबत यादी दिली होती. जयवंतने ती चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि खिशात टाकली.

"जय भीम. अजित, राग मानू नकोस," तो म्हणाला. "गुरुजींना स्तुती आवडत नव्हती. आपण वर्ग घेऊ. मी सुरू करतो. आज माझं चुकलं. गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, चला, सुटले. वय झालं होतं, त्रास होत होता, म्हणून म्हटलं. पण म्हणायला नको होतं. शिकलो ते हे की सुटका कोणाची झाली ते आपल्याला माहीत नसतं." आणि तो खाली बसला.

अजितने कपाळाला हात लावला. पण पुढे जे झालं ते त्याच्या कुठल्याच यादीत बसणारं नव्हतं. माणसं एकामागून एक उभी राहू लागली. काळ्या डगल्याचा वकील तो भात खाल्लेला रघुच निघाला. मानसी नावाची एक शिक्षिका उभी राहिली. "आज नाही, मागच्या आठवड्यात माझं चुकलं. वर्गात एका मुलाचं बरोबर उत्तर मी चूक म्हटलं. घरी पुस्तक बघितलं तर तो बरोबर. दुसऱ्या दिवशी सांगायला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी सांगितलं. मधला एक दिवस मी शिकवत होते, पण शिक्षिका नव्हते." कोणी हसलं नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पन्नाशीची, साठीची माणसं उभी राहत होती, आपलं उघडं करत होती आणि हलकी होऊन बसत होती. अजितला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपला बाप काय करून गेला. शाळा बांधली नव्हती, पुतळा उभारला नव्हता. चुकलं म्हणून सांगायला न घाबरणारी माणसं तयार केली होती, एकेक करून, त्रेपन्न वर्षं. त्याचा ऊर भरून आला, आणि तेवढ्यात ताई उठली.

कांता माइकपाशी गेली. वॉर्डात चालायची तशी, आवाज न करता.

"मी चूक सांगणार आहे," ती म्हणाली, "पण माझी नाही. त्यांची."

राजरत्न पुढे सरकला. अजितने त्याचा हात धरला. त्याला थांबवायला की आपल्याला आधार म्हणून, ते त्यालाही कळलं नाही.

"तुम्ही सगळे म्हणता, गुरुजी सगळ्या चुका लिहायचे. ही त्यांची वही. नऊ जुलै एकोणीसशे ब्याऐंशी." तिने चष्मा सावरला. "आज परळ आणि दादरची कॉलेजं फिरलो. चौदा फॉर्म भरले..."

तिला पुढचं वाचवेना. ती थांबली, आणि त्या थांबण्यात विहाराच्या मागच्या बाजूने, जिन्यातून, भिंतीकडून बायकांचे आवाज आले. हळू, पण एकत्र, पाठ असल्यासारखे.

"एकही राहिला नाही."

कांताने वर बघितलं. वहीत लिहिलेलं या बायकांच्या तोंडी कसं? वही तर तिने आज सकाळी पहिल्यांदा उघडली होती.

तिसऱ्या रांगेतून डॉ. दीपिका उठल्या. कांताच्याच हॉस्पिटलात त्या डॉक्टर होत्या. कांता वॉर्डात शिरली की त्या खुर्चीतून उभ्या राहायच्या, आणि बाकीच्या आया त्यावरून कांताला चिडवायच्या. गुरुजींची मुलगी म्हणून मान देतात, असं ती समजायची.

"ताई, आम्हाला माहीत आहे," दीपिका म्हणाल्या. "दर वर्षी जूनमध्ये वर्ग सुरू व्हायचा, तो पहिला दिवस घरी नाही, इथे विहारात असायचा, आणि त्या दिवशी गुरुजी एकच चूक सांगायचे. दर वर्षी तीच. नव्या मुलांना, आणि सोडायला आलेल्या आईबापांना. ते म्हणायचे, मी चौदा फॉर्म भरले आणि फुशारकीने वहीत लिहिलं, एकही राहिला नाही. आठ दिवसांनी मान वर केली तर पंधरावी मुलगी माझ्याच घरात पाट्या पुसत होती. तिचं नाव कांता. पुढच्या वर्षीही मी तिचा फॉर्म भरला नाही, कारण तोवर मला तिची सवय झाली होती. लोकांच्या मुली शिकवून मी माझी मुलगी खर्ची घातली."

दीपिका कांताकडे बघत पुढे बोलल्या.

"माझे पप्पा मला दहावीनंतर घरी बसवणार होते. घरी धाकटी भावंडं होती. त्या दिवशी ते सांगायलाच आले होते, दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. चप्पल घातली आणि घरी गेले. परत कधी विषय काढला नाही." दीपिकांनी आजूबाजूला बघितलं. "माझ्यासारख्या किती आहेत ते तुम्हीच बघा."

त्यांनी कोणाला उभं राहायला सांगितलं नाही. पण वकिलाशेजारची भाजीवाली उठली आणि तिने आपल्या पोलीस झालेल्या मुलीलाही दंडाला धरून उठवलं. मानसी उठली. मग एक परिचारिका, एक पोस्टातली, दोन बहिणी, कडेवर मूल असलेली एक. जिन्यातल्या बायका पायऱ्या चढून आत आल्या, दिसाव्यात म्हणून. कांता मोजू लागली. तिशीपर्यंत मोजलं आणि मग सोडून दिलं. एवढ्या बायका तिच्या नावाने शिकल्या होत्या आणि तिला एकीचाही पत्ता नव्हता. बापाला माहीत होतं. तो विसरला नव्हता. दर जूनला त्याने ते गावाला ओरडून सांगितलं होतं. तिच्या छातीवरून काहीतरी मोठं उतरलं, आणि त्याच क्षणी राग दुप्पट झाला.

"सगळ्यांना सांगितलं," ती माइकमध्ये म्हणाली. "मला नाही?"

दीपिकांनी जयवंतकडे बघितलं. त्या सगळ्यांना वाटत होतं की घरी बोलणं झालं असेल.

तेव्हा पहिल्या रांगेत अक्षता उभी राहिली.

कांता तिच्याकडे बघतच राहिली. "तुला माहीत होतं?"

"दहावीच्या वर्षी मी वर्गात होते ना, आई. पहिल्याच दिवशी ऐकलं." अक्षताचा आवाज फाटला होता. "सुटल्यावर मी आजोबांशी भांडले. म्हटलं, आत्ता घरी चला आणि आईला सांगा. ते म्हणाले, मीच सांगणार, तू सांगू नकोस. फक्त थोडा वेळ दे."

"किती?"

"दहा वर्षं झाली. मी विचारायचे, सांगितलं का? ते मान हलवायचे. मागच्या महिन्यात खूप आजारी होते तेव्हा पण विचारलं. म्हणाले, चाळीस पोरांसमोर जीभ वळते, तिच्यासमोर वळत नाही. मी तिला आया केलं आणि ती मला आंघोळ घालते. कुठल्या तोंडाने सांगू?" अक्षताने डोळे पुसले नाहीत. "मी तुला सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

अजित खुर्चीत खाली मान घालून बसला होता. शहाऐंशी साली गुरुजींनी त्याला हाताला धरून कॉलेजात नेलं होतं, फॉर्म दोनदा तपासला होता, आणि रस्त्यात एका शब्दाने बोलले नव्हते. तो समजला होता, आपले मार्क कमी पडले म्हणून रागावलेत. प्रितीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कांता माइकपासून हलली नाही. फोटोकडे तिने पाठ केली होती, ती आता वळली. बाप फोटोत नेहमीसारखा दिसत होता, कोणीतरी उत्तर द्यायची वाट बघत असल्यासारखा.

"रोज आंघोळ घालताना ते तोंड उघडायचे," ती म्हणाली. कोणाला सांगत होती ते कळत नव्हतं. "मी तांब्या धरून थांबायचे. वाटायचं, काहीतरी सांगायचंय यांना. मग म्हणायचे, कांता, पाणी गरम आहे."

तिने आपल्या हाताकडे बघितलं.

"गरम नसायचं. मी हात घालून बघायचे. नऊ वर्षं रोज म्हणायचे गरम आहे, आणि नऊ वर्षं रोज मी थोडं थंड घालायचे."

आणि मग तिला रडू आलं. मोठ्याने, तोंड झाकून न घेता, माइक चालू असताना. विहारात तीनशे माणसं होती आणि तिला गप्प करायला कोणीही पुढे आलं नाही.